हिरडीवरचा निळा ठिपका

प्रश्न : माझं वय ४४. परवा ब्रश करताना खालच्या डाव्या दाढेशेजारी हिरडीवर मसुराएवढा निळसर काळा ठिपका दिसला. दुखत नाही, रक्तही येत नाही. मोबाइलवर शोधलं आणि दोन रात्री झोप उडाली. त्या दाढेत कॉलेजात असताना चांदी भरली होती, पण आता काही त्रास नाही. सासूबाई म्हणतात, मशेरी लाव, जाईल. कॅन्सर तर नसेल?

उत्तर : चांदीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण बहुतेक सगळं तिथंच आहे. दातातली ही चांदी म्हणजे चांदी, कथील, तांबं आणि जवळजवळ निम्मा पारा. भरताना किंवा काढताना तिचा बारीक चुरा उडतो. हिरडीला ओरखडा असला की आत शिरतो, वरून जखम भरून येते आणि गोंदण तयार. या मिश्रणाला अमाल्गम म्हणतात, म्हणून आम्हीही त्या ठिपक्याला अमाल्गम टॅटूच म्हणतो. माझ्या उजव्या गालात आतून असा एक आहे. शिकत असताना वर्गमैत्रिणीने माझ्यावर हात साफ केला त्याची खूण. तीस वर्षांत तो तसूभर वाढलेला नाही.

तरी दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. छोट्या एक्स-रेत चुऱ्याचे पांढरे कण दिसले की प्रश्न मिटला. चुरा फारच बारीक असेल तर दिसत नाही. मग शंका राहिली तर जागा बधिर करून तुकडा तपासायला पाठवतात. ठिपका पसरला, उंच झाला, त्यात दोन-तीन रंग दिसले किंवा रक्त आलं, तर मात्र दिवस घालवू नका. तोंडातला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, फार क्वचित होतो, आणि झालाच तर बहुधा टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर. म्हणून टाळूवरचा नवा काळा डाग मी नुसता बघून सोडत नाही.

दोन्ही बाजूंच्या हिरड्यांवर सारखाच तपकिरी पट्टा असतो, तो वेगळा. तो आपल्या सावळ्या रंगाचाच भाग. लग्न ठरलं की मुली तो लेझरने काढायला येतात. निघतो, पण पुष्कळदा परतही येतो, त्यामुळे मी त्यांना आधी घरी पाठवते.

राहिली मशेरी. ती भाजलेली तंबाखूच. तिने तुमचा ठिपका जाणार नाही. डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंनाही न्या, त्यांचे गाल आणि ओठ आतून तपासून घ्या. मला तुमच्यापेक्षा त्यांची काळजी वाटते.