शरीराचं वय मोजायचं कशाने?

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. वय ६३. हायस्कूलमधून निवृत्त झालो, आता घरची थोडी कलमं आणि सुपारीचं आगर बघतो. गणपतीला मुलगा पुण्याहून आला तो वजनाचा नवा काटा घेऊन. त्यावर उभा राहिलो तर ‘बॉडी एज ७१’! तेव्हापासून नातवंडं मला ‘अण्णा एकाहत्तर’ म्हणतात. आता मुलगा म्हणतो, लाळेची डीएनए चाचणी करू, खरं जैविक वय कळेल. तिला माझी अर्धी पेन्शन जाईल. शेजारी म्हणतात, साध्या रक्ताच्या रिपोर्टवरूनही वय निघतं. मला प्रेशरची गोळी चालू आहे, डायबेटिस नाही. नक्की काय करू?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : अण्णा, आधी त्या काट्याचं बघू. तो तळपायांतून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतो, त्याला किती अडथळा होतो त्यावरून चरबी आणि स्नायूंचा अंदाज बांधतो, आणि तुम्ही भरलेलं वय-उंची धरून एक आकडा दाखवतो. उठल्याउठल्या एक आकडा, तांब्याभर पाणी पिऊन दुसरा, आगरातून घामाघूम येऊन तिसरा. काटा वजनापुरता ठेवा. नातवंडांचं काही करता येणार नाही.

लाळेची चाचणी मात्र थोतांड नाही. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात आणि वयाबरोबर त्यांची ठेवण बदलते. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वय काढायचं गणित मांडलं. पुढे मृत्यूचा धोका सांगणारी, म्हातारपणाचा वेग सांगणारी गणितंही आली. हजारो माणसांच्या अभ्यासाला ती फार उपयोगी आहेत. अडचण येते ती एकट्या माणसाची. एकच नमुना दोनदा तपासला तर काही गणितांत ९ वर्षांपर्यंत तफावत पडते, हे २०२२ मध्ये संशोधकांनीच दाखवलं आणि तफावत कमी करणारी सुधारणाही सुचवली. मुलाने पाहिलेली कंपनी कोणतं गणित वापरते, फेरतपासणीत किती फरक येतो, हे तिला लेखी विचारायला सांगा. मला खरी शंका पुढची आहे. समजा ६७ आलं, तर मी काय सांगणार? रोज चाला, मीठ कमी करा, गोळी चुकवू नका. ५९ आलं तरी हेच. जो आकडा कुठलाही आला तरी सल्ला बदलत नाही, त्याला अर्धी पेन्शन घालू नये.

शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. २०१८ मध्ये संशोधक मॉर्गन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी नऊ रक्तघटकांवरून वय काढायची रीत दिली : अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ग्लुकोज, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा घटक), लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं प्रमाण, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू (त्याबद्दल पुढे), अल्कलाइन फॉस्फटेज आणि एकूण पांढऱ्या पेशी. हिशेबात जन्मतारखेचं वयही धरायचं. मूळ माहिती अमेरिकेतल्या पाहणीची, त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नका. आपलाच गेल्या वर्षीचा आणि यंदाचा ताडून पाहायला तो बरा.

पण हिशेब करताना डोळे उघडे ठेवा. एककांचा घोळ सर्रास होतो. मूळ सूत्रात सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, आपल्या लॅबचा रिपोर्ट बहुधा प्रति लिटर येतो. तो तसाच भरला की आकडा दहापट होतो आणि तुम्ही जागच्या जागी दोनअडीच वर्षांनी म्हातारे होता. शिवाय सीआरपी ‘एचएस’ (अगदी कमी प्रमाणही मोजणाऱ्या) प्रकारचीच करा. साध्या तपासणीत नुसतं ‘अमुकपेक्षा कमी’ असं लिहून येतं, त्यावर हिशेब होत नाही. आरडीडब्ल्यू म्हणजे लाल पेशींच्या आकारातला कमीजास्तपणा. तो एका टक्क्याने वाढला तर वय साडेतीन वर्षांनी पुढे सरकतं. आणि तो कशाने वाढतो? पुष्कळदा लोहाच्या कमतरतेने. म्हणजे माणूस म्हातारा झालेला नसतो, त्याला पंडुरोग (अ‍ॅनिमिया) असतो, आणि त्यावर औषध आहे.

उलटंही होतं, ते जास्त फसवं. स्नायू झिजले की क्रिएटिनिन कमी येतं, आणि हे सूत्र त्याला तरुण समजतं! आजारपणाने हातापायांच्या काड्या झालेल्या माणसाला त्या एका रकान्यात शाबासकी मिळते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. पावसाळ्यात शेतातल्या चिखलपाण्यातून लेप्टो होतो, मलेरिया, डेंग्यूही असतात. तापानंतर सीआरपी आणि पेशींची गणितं काही आठवडे बिघडलेली राहतात. रक्त द्यायचं तर भातकापणी आटपल्यावर, ताप-सर्दी होऊन महिना उलटल्यावर, उपाशीपोटी, आणि दरवर्षी त्याच लॅबमध्ये.

आता मी स्वतः काय करते ते सांगते. माझ्या तपासणीच्या खोलीत बिनहाताची एक लाकडी खुर्ची आहे. साठीपुढच्या पेशंटला मी तिच्यावर बसवते, हात छातीवर बांधायला लावते आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला सांगते. पहिल्या दोन वेळा सगळे झपकन उठतात. तिसऱ्यापासून बघण्यासारखं असतं : कंबर पुढे झुकते, बोटं आपोआप सुटून खुर्चीच्या कडेकडे जातात, कुणी “दम धरा हो” म्हणून मलाच हसतं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद उतरणीला लागली, असं स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याच यादीत चालही आहे. ओटीवर नाहीतर खळ्यात ६ मीटर आखा, नेहमीच्या चालीने चाला. ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लक्ष घाला. हाताची पकड फिजिओथेरपिस्टकडे मोजून मिळते. पुरुषांत २८ किलोच्या खाली आणि बायकांत १८ च्या खाली ती कमी समजतात. पकडीला हलकं समजू नका. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात मृत्यूचा अंदाज वरच्या ब्लडप्रेशरपेक्षा पकडीवरून जास्त चांगला बांधता आला.

एका पायावर १० सेकंद उभं राहणंही करून बघा, पण भिंतीजवळ आणि घरातलं कुणी शेजारी असताना. प्रेशरच्या गोळीने चक्कर येत असेल तर हे आणि खुर्चीचं, दोन्ही माझ्यासारख्या कुणासमोरच करा.

तुमच्यापुरतं माझं मत असं : खुर्ची आणि चाल दर तीन महिन्यांनी, तीच खुर्ची, तीच वेळ. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन वर्षातून एकदा. ते प्रेशरसाठी लागतंच, वरच्या नवांतले उरलेले तीन घटक जोडले की शेजाऱ्यांची हौसही भागेल. खुर्चीचा वेळ वाढत चालला तर उपाय हातात आहे : रोज तेच उठणं-बसणं, आणि जेवणात डाळ, अंडं किंवा ताजी मासळी. सुकटीचं मीठ मात्र तुमच्या प्रेशरला चालणार नाही. मुलाचे पैसे वाचले तर त्याच्याकडून दंडावर बांधायचं चांगलं प्रेशरचं मशीन घ्या.

प्रश्न : वय ५२. माझं स्मार्टवॉच ‘फिटनेस एज ४१’ दाखवतं. मैत्रिणी जळतात. खरं मानू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घड्याळ तुमच्या चालण्याचा वेग आणि नाडी यांची सांगड घालून दमसासाचा अंदाज करतं. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर ते तुम्हाला उगाच तरुण ठरवतं. तशी गोळी नसेल, तर दर महिन्याला आकडा कुठल्या दिशेला सरकतोय तेवढं बघा. मैत्रिणींना जळू द्या.