शेजारच्या बांधकामाची धूळ घरात येते. मुंबईत तक्रार कशी करावी म्हणजे दखल घेतली जाईल?

नुसतं ‘धूळ फार आहे’ लिहू नका. पाहणीला माणूस येईपर्यंत पाणी मारून झालेलं असतं. नियम कुठला मोडला ते लिहा. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती किंवा ७० मीटरहून उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट पत्रा हवा, लहान भूखंडाला २५ फूट. शिवाय इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री, राडारोड्यावर पाणी आणि गेटवर डंपरची चाकं धुण्याची सोय.

चाकांचा पुरावा सगळ्यात सोपा. गेटबाहेर डांबरावर चिखलाचे दोन पट्टे उमटलेले दिसतात. उन्हं चढली की वाळून तीच धूळ येणारी-जाणारी वाहनं दिवसभर उडवतात. फोटो सकाळीच काढा, तारीख-वेळ दिसू द्या. पत्र्याच्या फोटोत शेजारी माणूस उभा असला की उंचीचा अंदाज येतो.

महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, तोच घालून आपल्या विभाग (वॉर्ड) कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच मात्र सोडू नका.

एक्यूआयचे (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे) स्क्रीनशॉट जोडण्यात फारसा अर्थ नाही. अधिकृत आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात, हवा मोजणारं केंद्रही बहुधा लांब असतं. तुमच्या खिडकीखाली रात्री ओतलेली माती त्यात दिसत नाही.