शंका-समाधान : सोयाबीनचा उतारा कधी अकरा, कधी पाच

प्रश्न : वाण तोच, जमीन तीच, खतही तेच. तरी एका वर्षी एकरी अकरा क्विंटल आणि पुढच्या वर्षी पाच. जनुकांवर एवढे संशोधन होते, मग दरवर्षी सारखा उतारा देणारा वाण का निघत नाही?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : स्थिर उताऱ्याचे असे एकच जनुक नसते. फुलोरा कधी येतो, तांबेरा किती सोसतो, शेंगा किती तडकतात, या सगळ्यांवर तो ठरतो. काहींची जनुके सापडली आहेत. शेंग तडकण्याचेच घ्या. पीडीएच१ हे जनुक चालू असेल तर वाळताना टरफलाला जोरदार पीळ बसतो आणि शेंग उकलते. ते निकामी असलेल्या वाणात पीळ ढिला पडतो, काढणी चार दिवस लांबली तरी दाणे शेतात सांडत नाहीत. पूर्वी हे पाहायला शेंगा वाळेपर्यंत थांबावे लागे. आता रोपाच्या कोवळ्या पानातला डीएनए तपासून नको ती रोपे तेव्हाच उपटता येतात.

किचकट काम असे जनुक हव्या त्या वाणात आणण्यासाठीच्या संकराचे. फूल उमलायच्या सुमारासच आतल्या आत परागीभवन उरकते, म्हणून त्याआधीच कळी चिमट्याने सोलून पुंकेसर काढावे लागतात. बऱ्याच कळ्या गळतात, आणि शेंग धरलीच तर दोन-तीन दाणे. मग संकरातून आलेल्या रोपाचा मूळ वाणाशी पुन्हा संकर करतात, त्याला परतसंकर म्हणतात; तो तीनदा केला की मूळ वाणाचा सरासरी ९३.७५ टक्के वारसा परत येतो.

तुमच्याकडची मोठी अडचण मात्र पावसाच्या खंडाची दिसते. दाणे भरताना ताण सोसणे हे थोडा थोडा परिणाम करणाऱ्या अनेक जनुकांचे काम आहे, एका मार्करने (जनुक ओळखायच्या डीएनएतल्या खुणेने) ते भागत नाही. तिथे अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांच्या चाचण्यांना पर्याय नाही.

प्रश्न : चाचणीत ‘स्थिर’ वाण कसा ठरवतात?

उत्तर : एबरहार्ट आणि रसेल या शास्त्रज्ञांची १९६६ची पद्धत आजही वापरतात. प्रत्येक ठिकाणच्या सर्व वाणांच्या सरासरीसमोर एका वाणाचा उतारा मांडून रेषा काढतात. रेषेचा उतार (म्हणजे सरासरी एका क्विंटलने वाढली की या वाणाचे पीक किती क्विंटलने वाढते) १ च्या आसपास आणि रेषेपासूनचे विचलन नगण्य, तर वाण स्थिर. उतार १ पेक्षा बराच जास्त असेल तर तो वाण चांगल्या पाण्याच्या रानातच खुलतो. पण सगळीकडे नेमाने कमी पिकणारा वाणही या हिशेबात स्थिरच ठरतो! म्हणून सरासरी उतारा आधी पाहावा.

प्रश्न : तोवर आम्ही काय करावे? घरचे बियाणे चालेल का?

उत्तर : कोरडवाहू रानात सगळा पेरा एकाच वाणाचा नको. थोडा लवकर येणारा जेएस २०-३४ आणि थोडा शंभर-एकशेपाच दिवसांचा फुले संगम (केडीएस ७२६) घेतला, तर एकच खंड दोन्हींना दाणे भरताना गाठत नाही. पीक स्वपरागित असल्याने घरचे बियाणे चालते. दाण्याचे साल पातळ असते आणि कोंबाचे मूळ सालीलगतच असते, त्यामुळे मळणीत ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा; ७० पेक्षा कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा, फारच कमी असतील तर बदला.