पासबुक तिच्याच हातात द्या

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी नाशिकला बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फी माफ झाली आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता पण मिळतो. पासबुक, एटीएम तिच्या पप्पांकडे असतं, लागतील तसे आम्ही पैसे पाठवतो. आता म्हणते कार्ड माझ्याकडे द्या. वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी पण झालीय, दुसऱ्या पोरींचे फॉर्म भरत बसते, एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांच्या शिबिराला पण जायचंय. हे म्हणतात पैसे शिकायला मिळाले, पुढारीपणा करायला नाही. पोरगी हाताबाहेर तर जाणार नाही ना? – एक आई, कळवण

उत्तर : ताई, कार्ड तिला देऊन टाका, हे आधी सांगते आणि मग बाकीचं.

तुमची काळजी कळते, पोरगी लांब राहते, जीव लागून राहतो. पण हा भत्ता सरकार तिच्या आधारला जोडलेल्या खात्यात टाकतं, तिच्या राहण्याजेवणासाठी. तो आला की मेसचे किती, बसचे किती, लॅबचा ॲप्रन आत्ता घ्यायचा की पुढच्या महिन्यात, हे तिनंच ठरवायला हवं. एखाद्या महिन्यात गणित चुकेल, शेवटचे आठ दिवस ओढाताण होईल, होऊ द्या, विशीत चुकलं तर निस्तरता येतं. दर वेळी दोनशे रुपयांसाठी पप्पांना फोन लावायची सवय राहिली तर उद्या नोकरी लागल्यावर पण पगार दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळी होईल, असं झालेल्या किती तरी बायका आपण बघतो.

अजून एक विचारते, तिच्या आधारला मोबाईल नंबर कोणाचा आहे? बऱ्याच घरात वडिलांचा असतो. मग पोरगी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर आधार टाकून लॉगिन करायला बसते, ओटीपी जातो कळवणला, पप्पा शेतात, फोन घरी चार्जिंगला, आणि तोवर वेळ संपून जाते. आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर टाकून घ्या, आणि आधार नक्की कुठल्या बँकेच्या खात्याला जोडलंय (सीडिंग) ते पण बघा, दोन खाती असली की पैसे भलत्याच खात्यात जातात आणि पोरं वाट बघत बसतात.

आता पुढारीपणाचं. फी माफी आणि भत्त्यासाठी तुमच्या मुलीनं तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला असेल, फॉर्म कॉलेजकडे मंजुरीला अडकला तेव्हा क्लार्कसमोर उभी राहिली असेल, तो पुढे सरकेपर्यंत पाठ सोडली नसेल. हे सगळं एकदा केलेल्या पोरीला ऑफिसची भीती राहत नाही. म्हणून तर ती दुसरीचा फॉर्म भरून देते! २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण फॉर्म भरावाच लागतो आणि पहिल्या वर्षाच्या खेड्यातून आलेल्या पोरींना तेच माहीत नसतं. कोणीतरी सांगणारी लागते. सीआरचं काम पण असंच, प्रॅक्टिकलची बॅच उशिरा सुटून पेठ-सुरगाण्याच्या पोरींची शेवटची एसटी चुकत असेल तर सरांना जाऊन सांगायचं की वेळ बदला. मला तर हेच खरं नेतृत्व वाटतं, बॅनरवर फोटो लावण्यापेक्षा किती तरी मोठं.

शिबिराला जाऊ द्या. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं असतं, प्रोग्राम ऑफिसर सर-मॅडम सोबत राहतात, तुम्ही त्यांचा नंबर घेऊन ठेवा. पप्पांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, हजेरी कमी पडू द्यायची नाही आणि पेपर मागे ठेवायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षीचा भत्ता अडकू शकतो. हे तिला स्पष्ट सांगा आणि हिशोब महिन्यातून एकदा विचारा, रोज नको.

प्रश्न : मॅडम, माझी शिष्यवृत्ती मंजूर आहे पण पैसे फार उशिरा येतात, तोवर घरी मागायला जीवावर येतं. काय करू? – एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांना गाठ आणि 'कमवा व शिका'चा फॉर्म भर. पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं आहे. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची आणि कामं स्वतः करायची, आणि आजही लायब्ररीत पुस्तकं लावणं, ऑफिसात मदत, बागकाम अशी कामं मिळतात, तासाप्रमाणे पैसे मिळतात. लाजायचं काही कारण नाही. जागा मोजक्या असतात, त्यामुळे वर्ष सुरू होतानाच नाव दे, आणि तुझ्या वर्गात अजून कोणाची अशीच अडचण असेल तर त्याला पण सोबत घेऊन जा.