सासूबाईंची कुलूपबंद खोली

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. सासूबाईंचे वय ६८ आहे. रद्दी, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, रिकाम्या बरण्या, बिघडलेले मिक्सर यांपैकी काहीही त्या टाकू देत नाहीत. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे सगळे चिखलात गेले, तेव्हापासून हे वाढले आणि सासरे गेल्यानंतर तर त्यांच्या खोलीत पलंगापर्यंत जायला वाट उरली नाही. गेल्या वर्षी त्या नृसिंहवाडीला गेल्या असताना आम्ही टेम्पो बोलावून निम्मी खोली रिकामी केली. परतल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. आता खोलीला कुलूप लावतात. ही काटकसर आहे, हट्ट आहे की आजार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पिशव्या धुऊन वाळत घालणे आणि गोधडीसाठी जुनी लुगडी राखून ठेवणे ही मागच्या पिढीची काटकसर होती, तिला आजार म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र वस्तूंमुळे पलंग झोपण्यासाठी आणि खोली वावरण्यासाठी उरत नाही, आणि वस्तू टाकण्याच्या नुसत्या विचारानेही जीव कासावीस होतो, तेव्हा साठवणुकीच्या विकाराची, म्हणजे होर्डिंग डिसऑर्डरची, शंका घ्यावी लागते. पूर्वी तो मंत्रचळाचाच, म्हणजे नको असलेले विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहणाऱ्या ओसीडी या विकाराचाच, एक प्रकार समजला जाई. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

महापुराने हा आजार निर्माण केला, असे मी म्हणणार नाही. या सवयीची सुरुवात बहुधा किशोरवयातच होते आणि ती वर्षानुवर्षे वाढत जाते. घरातील कोणी दर दिवाळीला माळा रिकामा करून घेत असेल, तर ती झाकली जाते. आपले सासरे तसे करत असत का, हे यजमानांना विचारून पाहावे. पुरात डोळ्यांदेखत संसार वाहून जाणे आणि पाठोपाठ जोडीदार जाणे अशा आघातांनी ती बळावते. उलट, पूर्वी असे काहीच नव्हते आणि उतारवयात ते अचानक सुरू झाले असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी आधी करावी.

टेम्पोचा निर्णय चुकला, हे स्पष्टच सांगतो. आपला हेतू चांगला होता, याबद्दल मात्र मला शंका नाही. स्वतःची वस्तू ठेवावी की टाकावी हे ठरवताना या रुग्णांच्या मेंदूतील काही भाग प्रमाणाबाहेर सक्रिय होतात, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले आहे. दुसऱ्याच्या वस्तूबाबत तसे होत नाही. निर्णय घेणे हेच जिथे दुखणे आहे, तिथे तो निर्णय पाठीमागे परस्पर घेतला की दुखणे तसेच राहते आणि वर विश्वासही जातो. त्यांच्या दाराला लागलेले कुलूप त्यातूनच आले आहे.

त्यामुळे आधी झाल्या गोष्टीची त्यांच्याकडे माफी मागा आणि यापुढे न विचारता कशालाही हात लावणार नाही, असा शब्द द्या. पुढचे बोलणे पसाऱ्यावर नको, धोक्यावर हवे : रात्री उठताना पाय अडखळू नये म्हणून पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी असावी आणि विजेच्या बटणांजवळ कागद नसावेत, एवढेच मागा. मग आठवड्यातून एकदा अर्धा तास, एकच खोके, आणि त्यातील प्रत्येक वस्तूचा निवाडा त्यांचाच. पाचपैकी चार वस्तू त्यांनी परत ठेवल्या, तरी त्या दिवशीचे काम झाले असे समजावे.

या विकारावर खास असे औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असल्यास औषधांचा उपयोग होतो. मुख्य उपचार वर्तन व विचार बदलण्याच्या समुपदेशनाचा असून त्यात वर्गवारी करणे, निर्णय घेणे आणि नवी वस्तू घरी आणण्याचा मोह आवरणे यांचा सराव करून घेतात. त्याला अनेक महिने लागतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सासूबाई यायला तयार नसतील, तर आधी आपण दोघे जा. ‘वेड्यांचा डॉक्टर’ या धास्तीने नकार येणार असेल, तर झोप आणि गुडघेदुखीच्या निमित्ताने नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तपासणीला जाताना खोलीची दोन छायाचित्रे न्यावीत, पण ती सासूबाईंना विचारूनच काढावीत.