वाचक विचारतात: पेंटबॉल बरा की एअरसॉफ्ट?

प्रश्न: माझा मुलगा यंदा बारावी झाला. सुट्टीत मित्रांबरोबर पेंटबॉल खेळायला जातो म्हणत होता, आता म्हणतोय की एअरसॉफ्टची बंदूकच घेऊया, आपल्या शेतात खेळू, सारखे पैसे भरायला नकोत. दोन्हीत फरक काय हो दादा? मला डोळ्याची भीती वाटते. (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर: वहिनी, दोन्ही खेळांत पोरं खेळाच्या बंदुकीनं एकमेकांवर गोळ्या मारतात, ज्याला लागलं तो औट. भीती वाटते ते बरोबरच आहे, म्हणून आधी डोळ्याचंच बोलतो. पेंटबॉलची गोळी साधारण १७ मिलीमीटरची, जिलेटिनच्या पातळ सालीत रंग भरलेला, वजन ३ ग्रॅमच्या आसपास. मैदानावर वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात. एअरसॉफ्टचा छर्रा ६ मिलीमीटरचा, प्लास्टिकचा, हलका म्हणजे ०.२ ग्रॅम. जपानात कायद्यानंच या बंदुकीच्या जोराला ०.९८ ज्यूलची मर्यादा घातलीय, पेंटबॉलचा मार जवळजवळ १२ ज्यूलपर्यंत जातो. म्हणजे अंगाला पेंटबॉल जास्त लागतो, मांडीवर दंडावर गोल निळा डाग उठतो आणि चार-आठ दिवस राहतो. पण म्हणून एअरसॉफ्ट सुरक्षित असं अजिबात समजू नका, एवढासा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो की, आणि पोरं नुसता गॉगल लावून खेळतात तेव्हा समोरचे दात तुटतात. पेंटबॉलला डोळे, तोंड, कान सगळं झाकणारा मास्क लागतोच, तो मैदानात असेपर्यंत काढायचा नाही, घाम आला काच धुरकटली तरी नाही, बाहेर येऊनच पुसायची.

आता खेळातला फरक. पेंटबॉलमध्ये गोळी फुटली की रंग दिसतो, औट म्हणजे औट, वाद नाही. एअरसॉफ्टमध्ये अंगावर खूणच राहत नाही, ज्याला लागलं त्यानं स्वतः हात वर करून सांगायचं आणि बाहेर जायचं. मला या खेळात हेच सगळ्यात आवडतं, समोरच्याच्या प्रामाणिकपणावर सगळा डाव उभा असतो. पण नवीन पोरांत गल्ली क्रिकेटसारखी भांडणं होतात, लागलं, नाही लागलं, आणि मग कुणीतरी रागानं जवळ जाऊन मारतो. नवख्यांसाठी म्हणून मी पेंटबॉलच सांगेन.

दोन्हींचा जन्मही वेगळा. १९८१ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या रानात बारा जण झेंडे गोळा करायचा खेळ खेळले, हातात होती ती झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची बंदूक. म्हणून आजही तिला मार्कर म्हणतात आणि दिसायलाही ती खेळण्यातलीच वाटते. एअरसॉफ्ट जपानचं. तिथं खरी बंदूक बाळगायला कडक निर्बंध, म्हणून हौशी लोकांसाठी हुबेहूब नकला निघाल्या. माझी खरी काळजी इथंच आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, कॅम्पात जवान असतात, तिथून पोरगा रायफलसारखी वस्तू पाठीला लावून मोटारसायकलवरून गेला तर लांबून बघणाऱ्याला खरी-खोटी काय कळणार? अमेरिकेत नळीचं तोंड केशरी ठेवायचा नियम आहे, तरी तिथं माणसं फसतात. शेतातही तेच, बांधापलीकडचा माणूस घाबरला, त्यानं पोलिसांना फोन केला की मिटवायला कोण जाणार?

अजून एक. शेतात मारलेला प्लास्टिकचा छर्रा कोण वेचणार वहिनी? मातीत तसाच राहतो. जैविक, म्हणजे मातीत कुजणारे, म्हणून विकतात तेही लगेच विरघळत नाहीत. भीमगड अभयारण्याच्या जंगलाकडं तर कुठलीच गोळी नेऊ नये.

त्यामुळं बंदूक घ्यायला नको म्हणा, आणि मास्क, मार्कर सगळं देणाऱ्या, वेग मोजून देणाऱ्या मैदानावर पेंटबॉलला पाठवा. आधी स्वतः एकदा जाऊन बघा, कुणी मास्कशिवाय आत फिरतोय आणि माणसं काही बोलत नाहीत असं दिसलं तर तिथनंच पोराला घेऊन परत या.

प्रश्न: पेंटबॉलचा रंग कपड्याला बसतो का? आणि पावसाळ्यात खेळता येतं का? (कॉलेज विद्यार्थी, निपाणी)

उत्तर: रंग पाण्यात धुतला जातो, त्याच दिवशी धू, वाळू देऊ नको. जुनी फुल पँट, फुल बाह्यांचा शर्ट आणि पायात बूट, चप्पल नको. पावसाचं म्हणशील तर आपल्याकडं जून-जुलैत हवाच ओली असते, जिलेटिन दमट हवेत मऊ पडून फुगतं, गोळ्या नळीत अडकतात नाहीतर आतच फुटतात, आणि अंगावर न फुटता उडणारी गोळी जास्त लागते. चिखलात पाय मुरगळतो ते वेगळंच. दिवाळीनंतर या की, हवा कोरडी असते. राहिलेल्या गोळ्या घरी आणून पुढच्या वेळेला वापरायच्या नाहीत, आणि जमिनीवर पडलेली उचलून परत भरायची तर मुळीच नाही, तिला चिकटलेली खडी नळीतनं बाहेर येते.