कॉलनीतली विजेची लाईन भूमिगत करायची आहे. खर्च किती येतो आणि कामावर लक्ष काय ठेवायचं?

प्रश्न विचारणारे साताऱ्याचे आहेत. शाहूपुरीकडे चाळीसेक घरांची कॉलनी आहे आणि वरच्या तारा जमिनीखाली घ्यायच्या आहेत, असं ते लिहितात.

खर्चाचं आधी उरकून टाकतो, कारण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. वरच्या लाईनच्या काही पट खर्च येतो. त्यात केबल खाते त्याहून रस्ता जास्त खातो. डांबरी असेल तर बरं. काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर रस्ता पूर्ववत करायचे पैसे नगरपालिका आधी भरून घेते. लाईन तुमच्या सोयीसाठी हलवायची असेल तर पैसे तुमचेच. परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेतलंत तर महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं. अंदाजपत्रक आणि मंजुरी त्यांची, आणि काम संपलं की लाईनही त्यांच्या ताब्यात. "योजनेतून बसवून देतो" असं कोणी नगरसेवक म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि वर्गणी काढायला लागा.

आता माझं.

मी सांगलीचा, शामरावनगरच्या बाजूला राहतो. धंदा मोटर रिवायंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंती बुडाल्या होत्या. बोटीतून बाहेर पडताना घराघरांत गेलेल्या सर्व्हिस वायरी डोक्याला लागत होत्या. एक पोरगा वल्ह्याने वायर उचलून धरायचा, मग बोट खालून सरकायची. लाईन बंद होती हे सगळ्यांना माहीत होतं, तरी माझी आई डोळे मिटून बसली होती. पाणी उतरल्यावर पहिल्याच मीटिंगला ठराव झाला की वरची वायर नको, सगळं जमिनीखाली घ्या.

ठरावाला माझी हरकत नव्हती. मी एवढंच विचारलं की केबल खाली गेली तर पिलर कुठे बसणार? हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. केबल जमिनीत असते, पण दर चार-सहा घरांमागे तिला वर यावं लागतं, एका पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीत बसबार म्हणजे वीज वाटून देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, फ्यूज, आणि तिथून प्रत्येक घराची सर्व्हिस. यालाच मिनी पिलर म्हणतात. पुराच्या गल्लीत हा पिलर फूटभर जोत्यावर बसवला, तर पोलवर असलेली वीज आपण आपल्या हाताने पाण्यात आणून ठेवली. जमिनीतली केबल पाण्यात राहू शकते, आर्मर्ड एक्सएलपीई केबलला, म्हणजे आत प्लास्टिकचं आणि वर धातूचं कवच असलेल्या केबलला, ओल नवीन नाही. मरतं ते तिचं उघडं टोक. २०१९ नंतर माझ्या दुकानात बुडालेल्या मोटरींची रांग लागली होती. वाइंडिंग भट्टीत वाळवा, वार्निश द्या, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, पुन्हा वाळवा. पाणी इन्सुलेशनचं काय करतं हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

मी खडूने माझ्या भिंतीवरची पुराची रेघ दाखवली आणि म्हटलं, पिलरचं बूड या रेघेच्या वर. चेअरमन साहेब बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं गोड. ते म्हणाले, "एवढा उंच चौथरा म्हणजे प्रत्येकाच्या दारात समाधी बांधल्यासारखं दिसेल हो. आणि वायरमन फ्यूज टाकायला शिडी घेऊन फिरणार का?" लोक हसले. मग हळूच, पण मला ऐकू येईल असं: "मोटर बांधणाऱ्याने मोटर बांधावी."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. हे उत्तर लिहायला बसलो त्यात त्याचा वाटा आहे, हे कबूल.

मधे कोरोनाने सगळं अडकलं, आणि काम प्रत्यक्ष सुरू झालं ते २०२१ च्या सुरुवातीला. मी दुकान भावाच्या पोरावर टाकून खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. ठेकेदाराला मी डोळ्यांपुढे नको झालो होतो. एलटी केबल, म्हणजे घरांना वीज देणारी कमी दाबाची, ७५ सेंटिमीटर खोल जायला हवी, ११ केव्हीची म्हणजे जास्त दाबाची असेल तर ९० सेंटिमीटर, आणि रस्ता ओलांडताना एक मीटर, तीही पाइपातून. मी एका जीआय पाइपवर रंगाने खूण करून ठेवली होती, ती खड्ड्यात उभी करायची. जेसीबीवाला ड्रेनेजची लाईन आली की खड्डा उथळ करायचा आणि पुढे निघायचा. तिथे दीड फुटावर केबल टाकून माती ओढायची तयारी होती. मी काम थांबवलं. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा, त्यावर लाल-पिवळी पट्टी, यातलं एकही सोडू दिलं नाही. विटा कशाला, तर उद्या नळवाल्याची कुदळ आधी विटेवर बसावी म्हणून.

दुसरं भांडण जॉइंटचं. ठेकेदाराकडे आधीच्या कामाचे तुकडे शिल्लक होते, ते मधे जोडून खपवायचे होते. जॉइंट कितीही चांगला मारला तरी केबलचा सगळ्यात कच्चा भाग तोच. आणि आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते, म्हणजे खालची केबल दरवर्षी थोडी ओढली जाते. ती ओढ जॉइंटवर येते. मी हट्ट धरला की पिलर ते पिलर केबल अखंड, आणि प्रत्येक पिलरखाली मीटर-दोन मीटरचा लूप गुंडाळून पुरायचा. केबल वाया जाते म्हणून साहेब पुन्हा कुरकुरले. लूप ठेवला गेला.

चौथऱ्यांचंही झालं. गल्लीतल्या बायकांनी माझी बाजू घेतली, कारण पुरानंतर वीज यायला किती दिवस लागले आणि तोवर घरातला चिखल कोणी काढला हे त्यांना माहीत होतं. सगळे पिलर उंच झाले. फक्त एक सोडून. साहेबांच्या गेटशेजारचा. गाडी वळवायला अडचण होते, म्हणून तो फूटभर जोत्यावरच राहिला. आणि माझ्या घराची सर्व्हिस त्याच पिलरवर.

२०२१ च्या जुलैमध्ये आयर्विनला पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं. गल्लीत कमरेच्या खाली होतं, म्हणजे उंच पिलर कोरडे. पुरात डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाईन बंदच असते, त्यामुळे पाणी असेपर्यंत सगळे सारखेच अंधारात. फरक पडतो पाणी उतरल्यावर. उंच पिलर उघडून तपासले, मेगर लावला, चालू केले. आमचा पिलर उघडला तर बसबारवर गाळाचा थर, फ्यूजच्या किटकॅटमधून, म्हणजे फ्यूजची तार धरणाऱ्या चिनी मातीच्या खोबणीतून, पाणी ठिबकतंय, मेगर शून्याच्या वर यायला तयार नाही. केबलच्या टोकातून पाणी आत तारांमध्ये शिरलं होतं. आता टोक कापून मागे जायचं. किती मागे? कोरडं लागेपर्यंत. पुरलेला लूप तेव्हा बाहेर काढला, नाहीतर नवा जॉइंट मारावा लागला असता. फ्यूजचे बेस मी माझ्या भट्टीत वाळवले. समोरची घरं उजळलेली आणि साहेबांचं व माझं घर मेणबत्तीवर. वहिनींनी एकदा मला विचारलं, "भाऊजी, हा पिलर खाली कोणी ठेवला हो?" साहेब तिथेच उभे होते. मी म्हटलं, गाडीने.

त्यानंतर तो पिलरही वर गेला. गेल्या वर्षी शेजारच्या कॉलनीचे लोक आमचं काम बघायला आले, तेव्हा साहेब त्यांना सांगत होते की आम्ही सगळे पिलर पहिल्यापासून पूररेषेच्या वर घेतले. मी पाठीमागे उभा राहून ऐकलं.

तुमचं सातारा उतारावर. शाहूपुरीत कृष्णेचं पाणी येणार नाही, हे मलाही कळतं. पण पावसाचा लोंढा रस्त्यावरून वाहतोच, तेव्हा चौथरा दोन-अडीच फुटांच्या खाली नको. बहुतेक ठिकाणी तुम्हाला मुरूम लागेल. त्यात पाणी साचत नाही ही चांगली गोष्ट, पण धारदार खडे केबलवर बसतात, म्हणून वाळूवर काटकसर नको. कातळ लागला तर ठेकेदार "खोल जात नाही" म्हणणार. तिथे पाइप घालून वरून काँक्रीट मागा आणि ते लेखी घ्या.

आणखी दोन गोष्टी ज्या आमच्या अंदाजपत्रकात कोणी धरल्या नव्हत्या. रस्त्यावरचा दिवा त्याच पोलवर असतो, आणि वरच्या लाईनमध्ये त्याची वेगळी तार असते. पोल काढले आणि पावसाळाभर गल्ली काळोखात राहिली, कारण दिवे पालिकेचे आणि पोल दुसऱ्याचे. टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरीही तिथेच लटकलेल्या असतात. त्यांच्यासाठी त्याच खड्ड्यात एक रिकामा पाइप टाकून ठेवा, विजेच्या केबलपासून अंतर ठेवून. नाहीतर पोल राहतात, वायरींचं जाळं राहतं, आणि तुम्ही लाखो रुपये घालून फक्त विजेच्या तारा गायब करता. गणपती मंडळाची पोरं आमच्याकडे वेगळ्याच कारणाने नाराज होती. आकडा टाकायला तार उरली नाही. त्यांना मंडपासाठी रीतसर तात्पुरतं कनेक्शन घ्यायला लावलं, तेव्हा ती शांत झाली.

हे सगळं वाचून मी भूमिगतचा भक्त आहे असं वाटेल. तसं नाही. वर फॉल्ट झाला तर वायरमनला खालून दिसतो, तुटलेली तार तासाभरात जोडून होते. खाली झाला तर आधी कुठे झाला हे शोधायला टेस्टिंगची गाडी यावी लागते, मग खोदाई, मग जॉइंट. आपल्याकडे जेसीबीवाला विचारून खोदत नाही, त्यामुळे फॉल्ट होणारच. तुमची तक्रार फांद्या घासून लाईट जाते, तारा गॅलरीजवळून जातात, एवढीच असेल तर आधी एबी केबलचं विचारा. पोल तेच, उघड्या तारांच्या जागी इन्सुलेशन असलेली पिळाची केबल. खर्च खूप कमी, खोदाई नाही, आणि पुरातही ती वरच. गॅलरीचंच दुखणं असेल तर हेही मोजून घ्या: एलटीची उघडी तार इमारतीपासून आडवी १.२ मीटर दूर हवी. गॅलरी तुम्ही नंतर वाढवली असेल तर लाईनवाल्याशी भांडायला जाऊ नका.

मी स्वतः २०१९ च्या त्या मीटिंगला एबी केबलच सुचवली होती. ती "दिसायला बरी नाही" म्हणून पडली. कोणाच्या मताने पडली, ते आता पुन्हा सांगत नाही.

काम उरकलं की केबल कुठून, किती खोल गेली याचा नकाशा ठेकेदाराच्या सहीने घ्या, शेवटचं बिल त्यानंतरच द्या. नकाशाच्या दोन प्रती काढा, आणि त्यातली एक चेअरमनकडे ठेवू नका.